टीव्हीचा आवाज ॲम्प्लीला: साधी पिन, ऑप्टिकल की एआरसी?

टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला गेले. आवाज भिंतीवर आदळून येतो, संवाद पुसट ऐकू येतात आणि हातातला रिमोट खाली ठेवता येत नाही. त्याच घरात एखादा चांगला स्टीरिओ ॲम्प्ली किंवा डीव्हीडीच्या काळातलं होम थिएटर कपाटावर धूळ खात पडलेलं असतं. दोन्ही एकमेकांना जोडायला काय घ्यावं हे विचारायला कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात गेलं, की काउंटरवर चार वस्तू येतात: स्टीरिओ पिन ते आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) वायर, ऑप्टिकल वायर, ऑप्टिकलमधून साधा ॲनालॉग आवाज काढून देणारा छोटा कन्व्हर्टर आणि एचडीएमआय वायर. या चारींचा हा आढावा.

मत आधीच सांगून टाकतो. घरात जुना स्टीरिओ ॲम्प्ली असेल तर ऑप्टिकल वायर आणि कन्व्हर्टर घ्या. एआरसी (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज बाहेर काढायची सोय) असलेला साउंडबार घेतला असेल तर एचडीएमआय. हेडफोनच्या भोकातून काढलेली साधी वायर तात्पुरती ठीक आहे, कायमची सोय म्हणून नाही. वायर कुठली घ्यायची हे टीव्ही ठरवत नाही, दुसऱ्या टोकाला काय बसवलंय ते ठरवतं. म्हणून दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागच्या बाजूचा आणि ॲम्प्लीच्या मागच्या बाजूचा, असे दोन फोटो मोबाइलवर काढून न्या. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

फोटोत पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे भोकाशेजारी ‘इन’ लिहिलंय की ‘आउट’. अलीकडच्या बऱ्याच टीव्हींवर आरसीएची लाल-पांढरी-पिवळी भोकं असतात किंवा ३.५ मिलिमीटरचं ‘एव्ही इन’ असतं. ती टीव्हीत बाहेरून चित्र-आवाज घ्यायची वाट आहे, बाहेर काढायची नव्हे. तिथे कितीही महाग वायर लावली तरी ॲम्प्ली गप्पच राहणार. आवाज बाहेर येतो तो ‘ऑडिओ आउट’, हेडफोनचं चिन्ह, ‘ऑप्टिकल’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ आउट’ आणि ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय, एवढ्याच ठिकाणांहून.

आता साधी पिन. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी आरसीए. लाल उजवा, पांढरा डावा. स्वस्त आहे, कुठल्याही दुकानात मिळते, जोडायला अर्धा मिनिट लागतो. घेताना पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे स्टीरिओ, हीच हवी. तीन रेघा असतील तर ती पिवळ्या चित्राच्या पिनेसह येणारी एव्ही वायर. हेडफोनच्या भोकात ती लावली की अर्थचा (अर्थिंगचा) संपर्क भलत्याच कडीवर पडतो आणि एका बाजूचा आवाज जातो किंवा भणभण सुरू होते.

पिन पूर्ण आत गेली नाही तर होणारी गंमत ओळखून ठेवण्यासारखी आहे. पार्श्वसंगीत ऐकू येतं, टाळ्या ऐकू येतात, पण बोलणारा माणूस गायब! अर्थचा संपर्क तुटल्यामुळे स्पीकरला डाव्या-उजव्यातला फरक तेवढा मिळतो आणि दोन्हीकडे सारखा असलेला मधला आवाज, म्हणजे नेमके संवाद, एकमेकांना खोडून जातात. ॲम्प्ली बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी पिन ‘टक्’ आवाज होईपर्यंत आत ढकलून बघा.

हेडफोनच्या वाटेची खरी अडचण पातळीची आहे. हा आवाज टीव्हीच्या व्हॉल्यूमप्रमाणे कमी-जास्त होतो. टीव्ही वीसवर आणि ॲम्प्ली पूर्ण उघडा ठेवला तर टीव्हीची सगळी खरखर ॲम्प्ली मोठी करून देतो. उलट करा: टीव्ही साधारण पाऊण पातळीवर एकदाच ठेवून द्या आणि रोजचा आवाज ॲम्प्लीच्या नॉबवर सांभाळा. एवढ्यानं खरखर बरीच उतरते. फार वर नेला तर काही टीव्हींत मोठ्या आवाजाला फाटल्यासारखा होतो. तसं झालं की थोडा खाली घ्या. टीव्हीवर स्वतंत्र, पातळी न बदलणारं ‘ऑडिओ आउट’ आरसीएचं असेल तर हेडफोनपेक्षा तेच वापरा.

आता हम. ॲम्प्लीतून सतत ‘गुंऽऽ’ असा ५० किंवा १०० हर्ट्झचा आवाज येत राहतो आणि दोष बहुतेक वेळा वायरीवर ढकलला जातो. कारण वेगळंच असतं. डिश किंवा केबलवाल्याची कोॲक्स वायर बाहेरून एक अर्थ घेऊन येते, ॲम्प्लीची थ्री-पिन दुसरा अर्थ घेऊन येते आणि आरसीए वायरीची जाळी या दोघांना जोडते. दोन्ही अर्थांत जरा जरी फरक असला तरी त्या जाळीतून प्रवाह फिरतो आणि तो स्पीकरमध्ये ऐकू येतो. तपासायचं असं: सगळं चालू ठेवून सेट टॉप बॉक्सच्या मागची कोॲक्स वायर फिरवून काढा. हम थांबला तर दोष याच फेऱ्याचा. नाही थांबला आणि आरसीएच्या पिनेला बोट लावल्यावर कमी-जास्त झाला, तर वायरीची जाळी आतून तुटली आहे, वायर बदला.

फेऱ्याचा हम असेल तर टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि ॲम्प्ली एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. नाहीच भागलं तर आरसीए वायरीच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्या आयसोलेटरनं ढोलकी-पखवाजाचा खर्ज थोडा पातळ होतो. ॲम्प्लीच्या थ्री-पिनमधली अर्थची जाड पिन काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. हम जाईल हे खरं, पण उद्या ॲम्प्लीच्या आत वायर सुटून पत्र्याला टेकली तर त्या पत्र्याला हात लावणारा माणूस मरू शकतो.

ऑप्टिकल वायरीला हा आजार होतच नाही. तिच्यात तांबं नाही. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या तंतूतून लाल उजेड जातो आणि उजेडाबरोबर अर्थ जात नाही. तोशिबानं १९८३ साली ही जोडणी आणली, तिचं टॉसलिंक हे नाव तिथलंच. चाळिशी ओलांडलेली ही वायर आजही बहुतेक टीव्हींवर सापडते. दीड मीटरची वायर दोनशे ते चारशे रुपयांच्या आसपास मिळते आणि त्याहून महाग घेण्यात काही हशील नाही. सोनेरी मुलामा दिलेल्या ऑप्टिकल पिनेसाठी जास्त पैसे देऊ नका; त्या पिनेतून वीज जातच नाही.

लावताना दोन्ही टोकांवरच्या बारीक पारदर्शक टोप्या काढा. त्या न काढता वायर ढकलण्याचे प्रकार फार होतात, त्यानं टीव्हीच्या भोकावरचं झाकण मोडतं. पिनेचे एका बाजूचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात, तेच भोकाशी जुळवायचे. टीव्ही चालू करून मोकळं टोक तळहातावर धरलं की लाल ठिपका दिसतो. ठिपका दिसला म्हणजे टीव्ही आणि वायर दोन्ही ठीक. नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट बंद आहे किंवा वायर आत तुटली आहे. वायर चौकटीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, वळण सैल ठेवा. पाच मीटरपर्यंत निर्धास्त राहा, त्यापुढे खात्री कमी होत जाते.

आता तो छोटा कन्व्हर्टर. दुकानात याला डॅक म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, एका बाजूला ऑप्टिकल आणि कोॲक्सियल इन, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी आरसीए आणि बहुतेकांवर ३.५ मिलिमीटरचं भोकही. पाच व्होल्टवर चालतो, किंमत पाचशे ते हजाराच्या दरम्यान. या आढाव्यातली आमची सगळ्यात आवडती वस्तू हीच. खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकडे छापलेले असतात, त्यांच्यावर जाऊ नका. टीव्हीवरचे कार्यक्रम आणि ओटीटी बहुतेक ४८ किलोहर्ट्झवरच असतात आणि तेवढं सगळे डबे नीट हाताळतात. चांगला आणि सुमार डबा यातला फरक आवाज बंद असताना ऐकू येतो: ॲम्प्ली मोठा करून टीव्ही म्यूट केला की सुमार डब्यातून बारीक शिट्टी किंवा टिकटिक येते. दुकानदार लावून दाखवत असेल तर हीच चाचणी मागा.

या डब्याबरोबर यूएसबीची वायर येते आणि ती टीव्हीच्याच यूएसबीत लावायचा मोह होतो, कारण टीव्हीबरोबर डबाही बंद होतो. तसं करू नका. ऑप्टिकलनं टीव्ही आणि ॲम्प्लीचा विजेचा संबंध तोडला होता, तो यूएसबीच्या वायरीतून पुन्हा जोडला जातो. टीव्हीचा अर्थ यूएसबीतून डब्यात, डब्यातून आरसीएच्या जाळीत, तिथून ॲम्प्लीत. हम परत हजर, आणि ऑप्टिकल घेऊनही फरक पडला नाही म्हणून लोक डब्याला नावं ठेवतात. डब्याला मोबाइलचा एखादा बऱ्यापैकी चार्जर स्वतंत्र द्या, पाच व्होल्ट एक अँपिअर पुरे. चार्जर अगदी हलका असेल तर त्याचीच शिट्टी आवाजात उतरते. तेव्हा डबा बदलण्याआधी चार्जर बदलून बघा.

दुसरी हमखास तक्रार अशी: मालिका आणि बातम्या नीट ऐकू येतात, ओटीटीवर सिनेमा लावला की आवाज गायब, किंवा कर्कश घर्र. हा डबा फक्त पीसीएम, म्हणजे न बांधलेला साधा डिजिटल आवाज, ओळखतो. टीव्हीचं डिजिटल आउट ‘ऑटो’वर असेल तर साधा स्टीरिओ कार्यक्रम पीसीएममध्ये येतो आणि डॉल्बीचा सिनेमा जसाच्या तसा बांधलेला येतो, तो उलगडायची सोय डब्यात नसते. टीव्हीच्या ‘साउंड’ विभागात ‘डिजिटल ऑडिओ आउट’ किंवा ‘एसपीडीआयएफ’ शोधून ‘पीसीएम’ करा. सेट टॉप बॉक्सच्या मेनूमध्येही आवाज स्टीरिओवर ठेवा. तेवढ्यानं ही तक्रार कायमची मिटते. संवाद दबलेले वाटत असतील तर ओटीटीच्या ऑडिओ पर्यायांत ५.१ ऐवजी स्टीरिओ निवडा. सहा वाहिन्यांचा आवाज दोनांत कोंबताना मधला आवाज खाली जातो.

आणखी दोन गोष्टी. डब्यातून येणारा आवाज बहुतेक टीव्हींवर एकाच ठरलेल्या पातळीला असतो, म्हणून टीव्हीच्या रिमोटनं तो वाढत-कमी होत नाही. घरात ज्येष्ठ मंडळी एकच रिमोट वापरत असतील तर ही गैरसोय खरी आहे आणि ती आधी सांगायला हवी. काही टीव्हींत पीसीएमवर व्हॉल्यूम चालतो, तो दुकानातच तपासा. शिवाय पहिल्यांदा जोडताना ॲम्प्लीचा नॉब शून्यावर आणा. हेडफोनच्या भोकाच्या सवयीनं नॉब वर राहिलेला असतो आणि डबा एकदम पूर्ण पातळी देतो. जुन्या ट्विटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, तो दणका सोसत नाही.

कोॲक्सियल डिजिटल हे नारिंगी रंगाचं एकच आरसीए भोक. काम ऑप्टिकलचंच, फक्त तांब्यातून. ७५ ओहमची वायर लागते आणि जुन्या एव्ही संचातली पिवळी वायर तशीच असते, म्हणून वेगळी विकत घ्यायची गरज नाही. हमचा प्रश्न मात्र परत येतो.

साउंडबार असेल तर गणित बदलतं. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं. आवाज त्याच वायरीतून उलटा, टीव्हीकडून साउंडबारकडे जातो आणि टीव्हीच्याच रिमोटनं आवाज बदलतो, साउंडबार टीव्हीबरोबर चालू-बंद होतो. रोजच्या वापरात या सोयीला तोड नाही. चुका होतात त्या भोकात आणि सेटिंगमध्ये. टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय भोकांपैकी ‘एआरसी’ लिहिलेलं साधारण एकच असतं. साउंडबारवरही ‘आउट’ किंवा ‘टीव्ही एआरसी’ लिहिलेलं वेगळं असतं, ‘इन’ नव्हे. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयनं जोडलेली उपकरणं एकाच रिमोटनं चालवायची सोय, चालू करा. ते त्याच नावानं सापडत नाही: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. शेवटी स्पीकरच्या यादीत बाहेरचा स्पीकर निवडा. एवढं करूनही आवाज आला नाही, किंवा लाइट जाऊन आल्यावर एआरसी मुकं झालं, तर दोन्ही उपकरणं नुसती रिमोटनं बंद न करता सॉकेटवरून दोन-तीन मिनिटं बंद ठेवा, आधी टीव्ही चालू करा, मग साउंडबार. दोघांची ओळख नव्यानं होते.

ईएआरसी ही एआरसीची पुढची आवृत्ती, २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधली. ब्लू-रेच्या दर्जाचा, काहीही न गमावता बांधलेला डॉल्बी किंवा डीटीएस आवाज त्यातून जातो. ओटीटीवरचं ॲटमॉस (डॉल्बीचा वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं आणि टीव्हीनं साथ दिली तर साध्या एआरसीतूनही जातं. ऑप्टिकलमधून मात्र नाही. तिची मजल दोन वाहिन्यांचं पीसीएम किंवा दाबलेलं ५.१ डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस इथपर्यंतच. ॲटमॉसचा साउंडबार घेऊन तो ऑप्टिकलनं जोडणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

‘५.१’ छापलेल्या वूफर सेटबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पाच छोटे स्पीकर, एक वूफर आणि मागे नुसती लाल-पांढरी आरसीए, असा सेट दोन वाहिन्यांचाच आवाज घेऊन पाच ठिकाणी वाटतो. त्याला ऑप्टिकल लावली म्हणून ५.१ होत नाही. मागे ऑप्टिकल भोक आणि पुढे डॉल्बी डिजिटलची खूण असलेल्या होम थिएटरलाच टीव्हीतून ‘डॉल्बी डिजिटल’ निवडून थेट ऑप्टिकल द्या, मधे कन्व्हर्टर नको. तरीही दोनच स्पीकर वाजले तर टीव्ही स्वतःच आवाज स्टीरिओ करून पाठवतो आहे. बाहेरून एचडीएमआयनं आलेल्या आवाजाचं बऱ्याच जुन्या टीव्हींत असंच होतं.

फुटबॉल हे कोल्हापूरचं वेड, आणि आवाज-चित्राचा मेळ तपासायला मॅचसारखी दुसरी गोष्ट नाही. किक बसल्यावर ‘धप्’ उशिरा आला की लगेच खुपतं. वायर कुठलीही असो, हा उशीर तिच्यामुळे होत नाही. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो म्हणून आवाज पुढे पळतो, किंवा साउंडबार डॉल्बी उलगडायला वेळ घेतो म्हणून मागे पडतो. आवाज पुढे असेल तर ‘ऑडिओ डिले’ वाढवा. मागे असेल तर डिले शून्यावर आणून डिजिटल आउट पीसीएम करा. ब्लूटूथनं जोडलेल्या स्पीकरला मात्र सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशीर सहज होतो. गाण्यांना चालेल, मॅचला नाही.

इथल्या हवेचा भाग वेगळा. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात वीज पडली की लाट डिशच्या किंवा केबलच्या वायरीतून टीव्हीत शिरते आणि एचडीएमआयचं भोक जळतं. पुढे साउंडबार तांब्यानं जोडलेला असेल तर त्याचीही पाळी येते. ऑप्टिकलमधून ती लाट पुढे जाऊ शकत नाही. एचडीएमआय वापरत असाल तर गडगडाट सुरू झाल्यावर कोॲक्स आणि पॉवर दोन्ही काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत आरसीएच्या पिना काळवंडतात आणि खरखर सुरू होते. दोन्ही उपकरणं बंद करून पिन भोकात चार-पाच वेळा गोल फिरवा. न गेल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा. हेडफोनच्या भोकातली पट्टी गंजली तर पिन काढल्यावरही टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंदच राहतो. पिन चार वेळा आत-बाहेर केली की बहुधा तो बोलू लागतो.

नवीन फ्लॅटचं काम चालू असेल आणि टीव्ही भिंतीवर बसणार असेल तर वायरिंगवाल्याला पाऊण इंची पाइप टाकू देऊ नका. एचडीएमआयची पिन तिच्या प्लॅस्टिकसह सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते, ती वळणावर अडकते. दीड इंची पाइप, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळण, आत ओढायची दोरी सोडलेली, आणि विजेच्या वायरी दुसऱ्या पाइपातून. एचडीएमआय आणि ऑप्टिकल दोन्ही आताच ओढून घ्या, पण ऑप्टिकल दोरीला बांधताना पिनेला नव्हे, वायरीच्या अंगाला चार बोटं मागे बांधा. भिंत लिंपण्याआधी दोन्ही वायरी एकदा टीव्हीला लावून आवाज वाजवून बघा.